डिस्क मध्येच का अडकते?

2017 साली आमच्या शाळेतील उर्दूचे ज्येष्ठ शिक्षक सेवानिवृत्त झाले. आम्ही सर्वजण त्यांना 'बडे सर' म्हणत असू. त्यांच्या निरोप समारंभाचे आम्ही कॅमेऱ्याने चित्रण केले होते. सरांच्या गावी इंटरनेट नीट चालत नव्हते, परंतु घरी टीव्ही आणि डीव्हीडी प्लेअर होता. म्हणून दहावीतील दोन मुलांनी ते चित्रण एका डिस्कवर उतरवून त्यांना पाठवले. तिसऱ्या दिवशी सरांचा फोन आला. ते म्हणाले, "बेटा, माझे भाषण 38 व्या मिनिटाला अडकते. आणि शेवटी मुलांनी म्हटलेली नज्म तर धड दिसतच नाही."

डिस्क खराब निघाली, दुसरी करून देऊ, असे मुलांना वाटले. गोष्ट तेवढी सोपी नव्हती.

प्रथम डिस्कवर लिहिले कसे जाते ते पाहू. डीव्हीडीचा व्यास 12 सेंटिमीटर आणि जाडी 1.2 मिलिमीटर असते. तिच्या पोटात रंगद्रव्याचा अतिशय पातळ थर असतो. यंत्रातील लेसर किरण या थरावर पडला की तेवढी जागा उष्णतेने बदलते व तेथे एक सूक्ष्म खूण उमटते. म्हणूनच या क्रियेला इंग्रजीत 'बर्न' करणे, म्हणजे भाजणे, असे नाव पडले. या खुणा एका सर्पिल रेषेत असतात. रेषेचे वेढे इतके जवळजवळ असतात की एका मिलिमीटरमध्ये सुमारे 1350 वेढे मावतात. उर्दू आपण उजवीकडून डावीकडे लिहितो आणि मराठी डावीकडून उजवीकडे. डिस्क मात्र मधून कडेकडे लिहिली जाते!

एखादी खूण चुकली तर काय होते? तुम्हांला नुक्त्याचे महत्त्व ठाऊक आहे. एक नुक्ता वरून खाली आला की 'खे'चा 'जीम' होतो आणि 'खुदा'चा 'जुदा' होतो. डिस्कवर तर अशा कोट्यवधी खुणा असतात. त्यांतील काही चुकणारच, हे धरून मूळ माहितीबरोबर काही जादा आकडे लिहिलेले असतात. त्यांच्या मदतीने प्लेअर चुकलेली अक्षरे हिशोबाने शोधून दुरुस्त करतो. ही युक्ती रीड आणि सॉलोमन या दोन अमेरिकन गणितज्ञांनी 1960 साली मांडली. त्यामुळे बारीक ओरखडा पडला तरी चित्र बिघडत नाही. पण चुका फार झाल्या, तर हिशोब जमत नाही आणि चित्र थांबते.

चित्र थांबण्यापूर्वी त्यात रंगीत चौकोन दिसतात, हे तुम्ही पाहिले असेल. त्याचेही कारण आहे. जागा वाचवण्यासाठी डीव्हीडीवर प्रत्येक चित्र पूर्ण साठवत नाहीत. साधारण अर्ध्या सेकंदाला एक पूर्ण चित्र असते व मधल्या चित्रांत फक्त काय बदलले तेवढेच लिहिलेले असते. पूर्ण चित्रच बिघडले, तर त्याच्या आधारावरची पुढची सगळी चित्रे बिघडतात. पाया खचला की भिंतीला तडे जातात, तसेच हे.

आता आमच्या डिस्ककडे वळू. तीच डिस्क आम्ही शाळेत पुन्हा पुन्हा लावून पाहिली. शेवटची पंधरा मिनिटे प्रत्येक वेळी वेगळ्या ठिकाणी अडकत होती. 38 वे मिनिट मात्र दर वेळी अगदी त्याच शब्दावर अडकत होते. हा फरक लक्षात घेण्यासारखा आहे.

शेवटचा भाग डिस्कच्या कडेजवळ होता. डीव्हीडीच्या डबीवर 4.7 जीबी लिहिलेले असले तरी अनेक संगणक 1024 च्या पटीने मोजतात, म्हणून तेथे ती 4.38 जीबीच दिसते. आमच्या चित्रणाने ती जवळजवळ भरली होती. कडेला थर कमी एकसारखा असू शकतो, फिरताना डिस्क तेथे अधिक हलते आणि बोटांचे ठसेही तेथेच लागतात. शिवाय मुलांनी घाईघाईने स्वस्त डिस्क सर्वांत जास्त वेगाने लिहिली होती. मग आम्ही चांगली डिस्क आणली आणि कमी वेगाने लिहिली. नज्म स्वच्छ दिसू लागली.

परंतु 38 वे मिनिट तसेच! नवल म्हणजे लिहिणाऱ्या प्रोग्रामने 'डिस्क तपासली, बरोबर आहे' असा निरोप दिला होता. तो खोटे बोलत नव्हता. असा प्रोग्राम डिस्कची तुलना संगणकातील फाइलशी करतो. फाइलच बिघडलेली असेल, तर बिघाडाची हुबेहूब नक्कल त्याला बरोबरच वाटणार. ती फाइल संगणकावर चालवली, तर तीही त्याच शब्दावर थांबली. कॅमेऱ्यातून उतरवलेली मूळ फाइल दुसऱ्या संगणकात नेऊ लागलो, तर मध्येच 'वाचता येत नाही' अशी सूचना आली. त्या संगणकाची जुनी हार्ड डिस्कच एका जागी खराब झाली होती. तिसरी, चौथी डिस्क करूनही काही उपयोग झाला नसता.

आता सारी आशा कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डावर होती. दुसऱ्या दिवशी क्रीडास्पर्धा होत्या आणि त्यासाठी कार्ड कोरे करण्याचे काम मी स्वतःच एका विद्यार्थिनीला सांगून ठेवले होते. मी धावतच तिच्या वर्गात गेलो. ती म्हणाली, "सर, बडे सरांनी अजून डिस्क पाहिली नसेल, म्हणून मी पुसले नाही." कार्डावरचे चित्रण सुरुवातीपासून शेवटपर्यंत ठीक होते.

आम्ही ते दुसऱ्या संगणकावर उतरवले, पूर्ण पाहिले, मगच डीव्हीडीसाठी तयार केले व कमी वेगाने लिहिले. क्रीडास्पर्धांसाठी दुसरे कार्ड विकत आणले. बडे सरांचा पुन्हा फोन आला, तेव्हा त्यांनी नज्म दोनदा पाहिली होती. त्यानंतर त्या मुलीने जुने कार्ड कोरे केले.