बियाण्याची पुरचुंडी

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. लग्नाला जेमतेम दोन वर्षं झाली होती आणि दिवाळीच्या तोंडावर मी स्वयंपाकघरातलं कपाट आवरायला काढलं होतं. वरच्या फळीवर, पापडांच्या डब्यामागे, जुन्या लुगड्याच्या चिंधीत बांधलेली एक पुरचुंडी हाताला लागली. सोडून पाहिलं, तर दोन मुठी घेवड्याचे दाणे! राखेनं माखलेले, जांभळट, कडेला पांढरी रेघ असलेले. सासूबाई ठेवून विसरल्या असतील, असं मला वाटलं. काटकसरी सून म्हणून मिरवायची हौस होतीच. दाणे धुतले, रात्री भिजत घातले आणि दुसऱ्या दिवशी त्यांची आमटी केली.

जेवताना सासूबाईंनी वाटीत पाहिलं. “हे कुठले गं?” मी मोठ्या कौतुकानं सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. आमटीला मात्र त्यांनी हात लावला नाही. रात्री अंथरूण घालताना एवढंच म्हणाल्या, “माझ्या सासूबाईंनी दिलेलं बी होतं ते. गावाकडं कुंपणाला लावायचं होतं.”

पुढं गावी खूप चौकशी केली. जाऊबाईंकडचा वेल केव्हाच गेला होता. शेजारीपाजारी सगळे दुकानातून पाकीट आणत होते. म्हणजे तीन पिढ्या जपलेलं बी मी एका जेवणात संपवलं होतं! रागावल्या असत्या, तर बरं वाटलं असतं.

हे सगळं आज लिहायचं कारण राहीबाई. जानेवारी 2020 मध्ये पद्म पुरस्कारांची यादी जाहीर झाली आणि तिच्यात अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या एका शेतकरीणबाईंचं नाव आलं. राहीबाई सोमा पोपेरे. त्यांना पद्मश्री मिळाली ती कशासाठी? तर बियाणं जपण्यासाठी! ती बातमी वाचताना मला ती पुरचुंडी आठवली आणि पेपर बाजूला ठेवून मी बराच वेळ तशीच बसून राहिले.

अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याचा हा पश्चिमेकडचा डोंगराळ भाग. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई याच मुलखात. पावसाळ्यात धो धो पाऊस आणि उन्हाळ्यात पाण्यासाठी पायपीट. भात, नाचणी, वरई ही इथली पिकं. राहीबाईंचा जन्म 1964 चा, महादेव कोळी समाजातला. शाळा नशिबात नव्हती. पावसाळ्यात आपली शेती करायची आणि उरलेल्या दिवसांत साखर कारखान्याकडे मजुरीला जायचं, अशी कुटुंबाची वर्षं गेली. आपल्या खेड्यांतल्या हजारो बायकांसारखंच हे आयुष्य. मग वेगळं काय घडलं?

राहीबाई सांगतात ते असं की, घरातली लहान मुलं सारखी आजारी पडू लागली. पूर्वी तर असं नव्हतं! फवारणीच्या भाजीपाल्याचा आणि बदललेल्या खाण्याचा हा परिणाम असावा, असं त्यांच्या मनानं घेतलं. मग त्यांनी जुनं बी शोधायला सुरुवात केली. वालाचे आणि घेवड्याचे प्रकार, भाताचे वाण, रानभाज्या, वेलभाज्या. कुणाच्या उतरंडीत मूठभर, कुणाच्या कुंपणावर एखादा वेल. मागून आणायचं, लावायचं, वाढवायचं. असे चाळीसहून अधिक वाण त्यांच्याकडे जमले. मणिभाई देसाईंनी 1967 साली उरुळी कांचनला सुरू केलेल्या ‘बायफ’ या संस्थेची त्यांना साथ मिळाली. घराची बियाणे बँक झाली. परिसरातल्या बायकांचे बचत गट या कामात आले. परसबागा उभ्या राहिल्या.

या बँकेचा व्यवहार मला फार आवडला. इथं पैसे ठेवायचे नाहीत. बी न्यायचं आणि पीक आलं की दुप्पट परत आणून द्यायचं. व्याज म्हणावं तर तेही बियाण्याचंच, आणि ते पुन्हा पुढच्या बाईच्या पदरात!

शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकरांनी त्यांना ‘बीजमाता’ म्हटलं. 2018 मध्ये बीबीसीनं जगातल्या शंभर स्त्रियांच्या यादीत त्यांचं नाव घेतलं. 2019 च्या महिलादिनी राष्ट्रपतींच्या हस्ते नारीशक्ती पुरस्कार मिळाला. पद्मश्री प्रत्यक्ष हातात पडायला मात्र करोनामुळे नोव्हेंबर 2021 उजाडला.

मैत्रिणींनो, पुरस्कारांपेक्षा मला एक वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. नांगर पुरुषाचा, पण बी बाईचं, अशी आपल्याकडची जुनी वाटणी होती. उभ्या पिकातलं टपोरं कणीस हेरायचं ते तिनं. ते वेगळं काढायचं, वाळवायचं, राख लावायची, कडुनिंबाचा पाला घालून मडक्यात भरायचं आणि मडक्याचं तोंड शेणामातीनं लिंपायचं, तेही तिनंच. घरात खायला कमी पडलं तरी त्या मडक्याला हात लागत नसे. पेरणीच्या दिवशी घरधन्यालाही तिच्याकडेच बी मागायला यावं लागे. सातबाऱ्यावर नाव नसेल तिचं, पण त्या एका दिवशी शेत तिच्या शब्दावर अडलेलं असे.

मग संकरित बियाणं आलं. ज्वारीचं पहिलं संकरित वाण 1964 साली निघालं. त्यानं पीक वाढवलं, दुष्काळात पोटं भरली, हे विसरून चालणार नाही. पण दोन वेगवेगळ्या जातींचा संकर करून बनवलेलं हे बी पहिल्याच पिढीत जोमानं येतं. त्याच्या पिकातलं बी धरून पुन्हा पेरलं, तर रोपं एकसारखी येत नाहीत, उताराही घटतो. म्हणून दरवर्षी नवं विकत घ्यायचं. विकत घ्यायचं म्हणजे पैसा हवा, बाजाराला जायला हवं. ती कामं पुरुषांची. असं करता करता बियाण्याचं मडकं स्वयंपाकघरातून गेलं, आणि त्याबरोबर बाईचा शब्दही शेतातून गेला. कुणी ओरडून काढून नाही घेतला. उतरंडीबरोबर आपसूक उतरला!

राहीबाईंनी नुसतं बी परत आणलं नाही. तो शब्दही परत आणला. आज शेतकी कॉलेजात शिकलेली मुलं त्यांच्या अंगणात बसून ऐकतात.

मी शाळेत अर्धा वेळ मराठी शिकवते. आठवीच्या वर्गात राहीबाईंची माहिती सांगत होते, तेव्हा एका मुलीनं विचारलं, “बाई, त्यांना लिहिता-वाचता येत नाही, तर इतकी नावं लक्षात कशी राहतात?” मी म्हटलं, “तुझ्या आईला घरातल्या प्रत्येकाच्या आवडीनिवडी कशा लक्षात राहतात?” वर्ग हसला. पण घरी येताना मीच विचार करत होते. मी बी.ए. झालेली, आणि दाणा खाण्याचा की पेरण्याचा, हे मला ओळखता आलं नव्हतं.

आपण गावात, फ्लॅटमध्ये राहणाऱ्या बायका. आपल्याला बँक काढायची नाही. पण एका वेलाचं बी नक्की धरता येईल. सासूबाईंनी मला शिकवलं ते इथं देते.

घेवड्याचा वेल निरोगी असेल तोच निवडावा. त्यावरच्या चांगल्या भरलेल्या पंधरा-वीस शेंगा मोह आवरून तोडायच्याच नाहीत. वेलावरच वाळू द्याव्यात. दाणे काढून चार-सहा दिवस कोवळ्या उन्हात वाळवावेत. दाताखाली कट्कन फुटला की वाळला, दबला तर ओल आहे. मग चाळलेली कोरडी राख चोळून, कडुनिंबाची वाळकी पानं घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत. पेरण्याआधी दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून पाहावेत. सात-आठ रुजले तर बी चांगलं. दुधी, भोपळा, दोडका यांचं बी धरणार असाल, तर एक काळजी घ्या. मधमाश्या एका जातीचा पराग दुसरीवर नेतात, म्हणून एका भाजीच्या दोन जाती जवळजवळ लावू नका. संकरित पाकिटातल्या रोपाचं बी धरण्यात अर्थ नाही. गावाकडून, माहेराहून जुनं बी मागून आणा.

आणि यात चोरटेपणा काही नाही हं! 2001 च्या कायद्यानं शेतकऱ्याला आपलं बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा हक्क दिला आहे. एवढंच की, संरक्षित जातीचं बी छापील नावाच्या पाकिटात घालून विकायचं नाही.

आमचा तो जांभळा घेवडा काही पुन्हा मिळाला नाही. मावससासूबाईंनी त्यांच्याकडचा एक प्रकार दिला, तो मी गच्चीतल्या ड्रममध्ये लावला. मागच्या थंडीत शेंगा आल्या. सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, “ते नव्हे हे.” थोड्या वेळानं म्हणाल्या, “पण बरं आहे. याचं धरू या.”

शेंगा वाळल्यावर त्यांनी पुन्हा चिंधी घेतली, राख चाळली, पुरचुंडी बांधली. मग मला हाक मारली. “इकडं ये. यावर काय ते लिही, तुला लिहिता येतं ना!”

मी चिठ्ठीवर घेवड्याचं नाव, महिना आणि साल लिहिलं. खाली मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘आमटीसाठी नाही’.

किती वर्षांनी त्या त्यावरून हसल्या!