तर्काची उलटतपासणी

रहस्यकथेला समीक्षकांनी फारसे जवळ केले नसले, तरी वाचकांनी तिला कधी दूर लोटले नाही. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड मराठी घराघरांत वावरले. बंगालीत शरदिंदू बंदोपाध्याय यांनी १९३२ मध्ये ब्योमकेश बक्षी उभा केला. हा नायक स्वतःला गुप्तहेर न म्हणवता ‘सत्यान्वेषी’ म्हणवतो. या दोघांच्याही आधी, १८८७ मध्ये, आर्थर कॉनन डॉइल यांचा शेरलॉक होम्स अवतरला होता. या कथा मन रमवतात हे तर खरेच. परंतु दिसणाऱ्या खुणांवरून न दिसलेल्या घटनेपर्यंत कसे पोहोचावे, आणि पोहोचल्यावर आपलाच मार्ग पुन्हा कसा तपासावा, याचा वस्तुपाठही त्या देतात. यातील दुसरा धडा सहसा दुर्लक्षित राहतो.

खुणांची भाषा

डॉइल हे पेशाने डॉक्टर. एडिंबरा येथे वैद्यकाचे शिक्षण घेताना डॉ. जोसेफ बेल हे त्यांचे गुरू होते, आणि होम्सच्या व्यक्तिरेखेला आधार मिळाला तो त्यांचाच. एकदा एक अनोळखी रुग्ण समोर येताच डॉ. बेल यांनी सांगितले, की हा गृहस्थ नुकताच सैन्यातून निवृत्त झालेला, स्कॉटिश पलटणीतील कनिष्ठ अधिकारी असून बार्बाडोस येथे राहून आला आहे. विद्यार्थी थक्क झाले. मग डॉक्टरांनी कारणे उलगडली. त्याने टोपी काढली नाही, ही लष्करी सवय. निवृत्त होऊन बराच काळ लोटला असता, तर ती मोडली असती. वागण्यात अधिकाराची छटा होती, बोलण्याचालण्यातून तो स्कॉटिश असल्याचे दिसत होते, आणि त्याला जडलेला हत्तीरोग वेस्ट इंडीजकडे बोट दाखवत होता.

हे सारे ऐकताना गणिताचा सिद्धांत सुटल्यासारखे वाटते. वस्तुतः ते तसे नाही. टोपी न काढणारा प्रत्येक मनुष्य सैनिक नसतो. डॉ. बेल यांनी अनेक खुणा एकत्र गुंफून सर्वांत संभवनीय कारण निवडले होते. अशा तर्काला अमेरिकन तत्त्वज्ञ चार्ल्स सँडर्स पर्स यांनी निगमन आणि विगमन यांच्या बरोबरीने तिसरे स्वतंत्र स्थान दिले. निगमनात नियमावरून निष्कर्ष अटळपणे निघतो, विगमनात अनेक उदाहरणांवरून नियम बांधला जातो, आणि या तिसऱ्या प्रकारात परिणामावरून कारणाचा अंदाज घेतला जातो. गुप्तहेर वावरतो तो बहुतांशी या तिसऱ्या प्रांतात.

धूर, अग्नी आणि नऊचा आकडा

हा फरक हिशेबनिसाला चटकन उमजेल. एखाद्या रकमेतील दोन आकड्यांची अदलाबदल झाली, तर पडणाऱ्या फरकाला नेहमी नऊने भाग जातो. ४,५०० ऐवजी ५,४०० लिहिले, तर फरक ९०० येतो. हा नियम अटळ आहे. म्हणूनच दिवसअखेरीस ताळा जुळला नाही आणि फरकाला नऊने भाग गेला, की अनुभवी कर्मचारी आधी उलटसुलट झालेले आकडे शोधू लागतो. शोधाची ही दिशा योग्यच आहे, मात्र तेवढ्याने काही सिद्ध होत नाही. ९०० रुपयांचे एखादे व्हाउचर नोंदवायचे राहिले, तरीही फरक ९०० चाच येईल.

आपल्याकडील न्यायदर्शनाने हा भेद फार पूर्वी जाणला होता. पर्वतावर धूर दिसला, म्हणजे तेथे अग्नी आहे, हे अनुमान ग्राह्य. कारण जेथे धूर तेथे अग्नी ही व्याप्ती. परंतु जेथे अग्नी तेथे धूर, असे म्हणता येत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. नियमाची वाट एकाच दिशेने जाते. त्याच वाटेने डोळे मिटून उलटे चालू लागले, की घात होतो.

होम्सच्या कथांत या नियमाचा काटेकोर उपयोगही आढळतो. १८९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सिल्व्हर ब्लेझ’ या कथेत शर्यतीचा घोडा रात्री तबेल्यातून नाहीसा होतो, आणि राखणीचा कुत्रा मात्र भुंकत नाही. परका मनुष्य आला असता, तर कुत्रा भुंकला असता. तो भुंकला नाही. अर्थात आलेला मनुष्य परका नव्हता. जे घडले नाही, त्याचाही पुरावा होऊ शकतो, हे या कथेने दाखवून दिले.

कथेबाहेरचा खटला

डॉइल यांच्या तर्कबुद्धीची खरी कसोटी लागली ती एका प्रत्यक्ष प्रकरणात, आणि त्या प्रकरणाचा धागा मुंबईशी जुळतो. मूळचे मुंबईचे पारशी असलेले शापुरजी एडलजी ख्रिस्ती धर्म स्वीकारून इंग्लंडमध्ये धर्मोपदेशक झाले. स्टॅफर्डशायरमधील ग्रेट वर्ली या गावी ते सहकुटुंब राहत. त्यांचा मुलगा जॉर्ज बर्मिंगहॅम येथे सॉलिसिटर होता. १९०३ मध्ये त्या परिसरात रात्रीच्या वेळी गुराघोड्यांवर शस्त्राने वार होऊ लागले. निनावी पत्रांतून जॉर्जवर संशय घेतला गेला, आणि ऑगस्टमध्ये एक तट्टू जखमी अवस्थेत सापडताच त्याला अटक झाली. कोटावरील केस, बुटांवरचा चिखल आणि हस्ताक्षरतज्ज्ञाची साक्ष यांच्या बळावर न्यायालयाने त्याला सात वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा ठोठावली. तो कोठडीत असतानाही त्या भागात आणखी एक घोडा मारला गेला होता. तरीही टोळीतील दुसऱ्या कोणाचे ते काम, असे मानून संशय कायम ठेवला गेला.

तीन वर्षांनी, १९०६ मध्ये, कोणतेही कारण न देता जॉर्जची सुटका झाली; परंतु कलंक तसाच राहिला. त्याने डॉइल यांच्याकडे धाव घेतली. भेटीच्या वेळी डॉइल यांनी दुरूनच पाहिले, की हा तरुण वर्तमानपत्र डोळ्यांच्या अगदी जवळ, काहीसे तिरपे धरून वाचत आहे. डॉइल यांनी नेत्रवैद्यकाचाही अभ्यास केलेला होता. इतक्या अधू दृष्टीचा मनुष्य पावसाळी, काळोख्या रात्री रेल्वेमार्ग ओलांडून, शेते तुडवत जाईल आणि जनावरावर नेमका वार करील, हे त्यांना असंभाव्य वाटले. मग त्यांनी एकेक पुरावा पुन्हा तपासला. बुटांवरचा चिखल शेतातील मातीशी जुळत नव्हता. जॉर्जचा कोट आणि तट्टाच्या कातडीचा तुकडा एकत्र नेले गेले असतील, तर केसांचा उलगडा तेथेच होत होता. त्याच हस्ताक्षरतज्ज्ञाची साक्ष याआधी अ‍ॅडॉल्फ बेक या निरपराध माणसाच्या खटल्यात चुकीची ठरली होती.

जानेवारी १९०७ मध्ये ‘डेली टेलिग्राफ’मधून ही मीमांसा प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी जॉर्जला माफी मिळाली आणि पुन्हा वकिली करण्याचा मार्ग मोकळा झाला. मात्र निनावी पत्रे त्यानेच लिहिली, असा ठपका ठेवून भरपाई नाकारण्यात आली. बेक आणि एडलजी या प्रकरणांनी उठवलेल्या लोकमतामुळे इंग्लंडमध्ये १९०७ सालीच फौजदारी अपील न्यायालय स्थापन करणारा कायदा झाला.

गुरूची ठेच

या कथेला एक उत्तरार्ध आहे. जॉर्जला निर्दोष ठरवल्यानंतर डॉइल यांनी दुसऱ्याच एका व्यक्तीला गुन्हेगार मानले. पण तो आरोप सिद्ध होण्याइतका पुरावा त्यांच्याकडे नव्हता. पुढे, १९२० मध्ये, कॉटिंगली येथील दोन मुलींनी काढलेली पऱ्यांची छायाचित्रे त्यांनी खरी मानून प्रसिद्ध केली. त्या पऱ्या कागदाच्या होत्या, अशी कबुली त्या दोघींनी वार्धक्यात, १९८० च्या दशकात दिली. इतरांचे पुरावे निर्दयपणे पारखणाऱ्या बुद्धिमंताने स्वतःला प्रिय असलेल्या निष्कर्षाला मात्र ती परीक्षा द्यायला लावली नाही. तीक्ष्ण बुद्धी या बाबतीत पुरेशी पडत नाही. तेथे शिस्तच लागते.

ही शिस्त केवळ गुप्तहेरांसाठी नाही. अनोळखी आवाज दूरध्वनीवर खातेदाराचे नाव, शाखा, कार्डाचे शेवटचे चार अंक बिनचूक सांगतो, आणि बोलणारा बँकेचाच अधिकारी आहे, अशी ऐकणाऱ्याची खात्री पटते. बँकेच्या अधिकाऱ्याला ही माहिती असते हे खरे. पण ती ज्याला आहे तो बँकेचाच असला पाहिजे, हे कोठून आले? अग्नीवरून धूर गृहीत धरण्यासारखेच हे अनुमान आहे. अशा वेळी एकच प्रश्न पुरेसा ठरतो: ही माहिती आणखी कोणाच्या हाती लागली असू शकेल? हा प्रश्न मनात उभा राहिला, की संभाषण तेथेच थांबवावे, ओटीपी किंवा पिन कोणालाही सांगू नये, आणि कार्डामागे छापलेल्या क्रमांकावर अथवा आपल्या शाखेत स्वतः चौकशी करावी. खातरजमेच्या या पाच मिनिटांत कष्टाची पुंजी सुरक्षित राहते.