पिस्टनच्या रिंगा बदलण्यापूर्वीं

हिवरखेडच्या संत्राबागेंत आंबिया बहराचीं फळें चैत्र-वैशाखांत झाडावर असतात, आणि नेमक्या त्याच वेळीं विहिरीवरील इंजिन दम सोडतें, असा अनुभव पुष्कळांस आला असेल. आतां बहुतेक विहिरींवर विजेचे पंप बसले आहेत हें खरें. तथापि वीज नसते त्या वेळेसाठीं सावकाश फिरणारें जुनें तेल-इंजिन अनेकांनीं मोडींत न काढतां राखून ठेवलें आहे. असें इंजिन निळसर धूर ओकूं लागलें, वंगण-तेल फार खाऊं लागलें व सकाळीं चालू होण्यास कुरकुरूं लागलें, कीं “रिंगा गेल्या” असें म्हणून नव्या रिंगा आणून घालण्याची चाल आहे. या चालीनें पैसा पुष्कळदां व्यर्थ जातो. तो कसा वांचवावा हें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

रिंग म्हणजे एके ठिकाणीं छेद दिलेली ओतीव लोखंडाची लवचिक कडी. अशी छेदाची कडी इंग्लंडांतील रेल्वे-इंजिनिअर जॉन रॅम्सबॉटम यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वाफेच्या इंजिनासाठीं प्रचारांत आणली. तिचीं कामें तीन : जळत्या वायूचा दाब वर अडवून धरणें, भिंतीवरील जादा तेल खालीं खरवडणें, आणि पिस्टनची उष्णता सिलिंडरच्या भिंतीस पोंचविणें. छेद असल्यामुळेंच ती भिंतीवर सतत दाबून राहते.

या छेदाच्या दोन टोंकांमध्यें थोडी फट ठेवावीच लागते. डर्स्ले येथील लिस्टर कंपनीचें मिनिटास 650 फेरे घेणारें 6 अश्वशक्तीचें इंजिन घ्या. राजकोटच्या कारखान्यांनीं याच धर्तीचीं इंजिनें पुष्कळ बनविलीं. त्याच्या सिलिंडरचा व्यास 114.3 मि. मी., म्हणजे रिंगेचा घेर सुमारें 359 मि. मी. रिंग भिंतीपेक्षां शंभर अंश सेंटिग्रेडनें अधिक तापली, तर हा घेर सुमारें 0.4 मि. मी. नें वाढतो. फट मुळींच नसेल, तर टोंकें एकमेकांस भिडून रिंग भिंत ओरबाडते किंवा मोडते. म्हणून व्यासाच्या दर 100 मि. मी. स 0.3 ते 0.4 मि. मी. फट असावी असा सर्वसाधारण नियम आहे. कारखान्याच्या पुस्तिकेंत निराळें माप दिलें असेल, तर तेंच प्रमाण मानावें.

आतां मुख्य गोष्ट. आमच्या ओळखीच्या एका बागाईतदारांनीं दोन वर्षांत दोनदां रिंगा बदलल्या. दोन्ही वेळां महिन्याभरांत धूर परत आला. आम्हीं एक नवी रिंग सिलिंडरच्या अगदीं खालच्या, न झिजलेल्या भागांत सरळ बसवून फट मोजली, ती 0.40 मि. मी. भरली. तीच रिंग वरच्या टोंकाजवळ, जेथें पिस्टनची वरची रिंग थांबते तेथें, आणून मोजली असतां फट 1.35 मि. मी. झाली. दोहोंतील अंतर 0.95. यास 3.14 नें भागिलें कीं सिलिंडर व्यासांत 0.30 मि. मी. झिजला हें कळतें. दोष सिलिंडरचा होता. खर्च मात्र रिंगांवर झाला. वर रुंद व खालीं अरुंद अशा सिलिंडरांत रिंग प्रत्येक फेऱ्यांत उघडते-मिटते व भिंतीशीं नीट बसत नाहीं. शिवाय झिजेच्या वर जो कांठ उरतो, त्यावर नव्या रिंगेची धारदार कड आदळून ती मोडण्याचा संभव असतो.

हें माप घेण्यास एक रिंग व फीलर गेज एवढेंच साहित्य पुरतें. झीज पुस्तिकेंतील मर्यादेपलीकडे असल्यास सिलिंडर बोअर करून त्या मापाचे पिस्टन व रिंगा घालाव्या, अथवा लायनर असल्यास तो बदलावा. मोठ्या मापाची रिंग कानशीनें घासून जुन्या सिलिंडरांत कोंबण्याची युक्ति कोणीं सुचविल्यास ती मानूं नये. तशी रिंग गोल बसत नाहीं.

सिलिंडर चांगला ठरल्यास पुढील काम सोपें आहे. पिस्टनच्या खांचांतील काजळी जुन्या रिंगेच्या तुकड्यानें खरवडावी. खांचेच्या कडांस मात्र इजा होऊं देऊं नये. प्रत्येक रिंग आपल्या खांचेंत सर्व बाजूंनीं मोकळी फिरते कीं नाहीं हें पाहावें. तिची फट सिलिंडरच्या अरुंद भागांत मोजावी. कमी भरल्यास टोंकें बारीक कानशीनें सरळ घासावीं. रिंगा तळाकडून वर चढवाव्या, व लागेल तितक्याच उघडाव्या. ज्या बाजूवर वरची म्हणून खूण असेल, ती बाजू वरच ठेवावी. फटी एका रेषेंत येऊं देऊं नयेत. त्या पिस्टनभोंवतीं वांटून ठेवाव्या. मग सर्वांस स्वच्छ तेल लावून, पत्र्याच्या पट्ट्यानें रिंगा आवळून पिस्टन हलकेच उतरवावा. अडला तर ठोकूं नये. बाहेर काढून पुन्हां पाहावें.

सिलिंडर बोअर केल्यावर किंवा घोटल्यावर साबणाच्या गरम पाण्यानें धुवावा, व तेलाचें पांढरें फडकें फिरवून तें स्वच्छ निघेपर्यंत पुसावा. तेथें राहिलेली कुरुंदाची कणी नव्या रिंगांस खाऊन टाकते. इंजिन चालू केल्यावर फार वेळ बिनभाराचें फिरवूं नये. बेताचा भार देऊन रिंगा भिंतीशीं बसूं द्याव्या, आणि पहिलें तेल लवकर बदलावें.

जुनी जीप वा मोटार दुरुस्त करणारांसही हाच नियम लागू आहे. तेथें प्रत्येक सिलिंडर वेगळा मोजावा. आणि झीज आली कोठून, हेंही पाहावें. आपल्या वऱ्हाडांतील उन्हाळ्याची धूळ हवेच्या फाटक्या जाळींतून आंत जाते, आणि सिलिंडर घासते. ती जाळी वेळेवर धुतली वा बदलली, तर रिंगा बदलण्याचा प्रसंगच पुष्कळ लांबतो. काम उन्हाळ्यापूर्वीं, पौष-माघांत उरकावें. फळ झाडावर असतां मोजमाप करण्यास कोणास स्वस्थता असते?