पंख्याचा आवाज आणि उष्णतेचा हिशेब

कार्यालये आणि डेटा सेंटर दर काही वर्षांनी आपली नेटवर्कची उपकरणे बदलतात, तेव्हा काढून टाकलेले स्विच आणि राउटर मूळ किमतीच्या अल्प अंशात जुन्या मालाच्या बाजारात येतात आणि तेथून हौशी मंडळींच्या किंवा लहान व्यावसायिकांच्या घरात पोचतात. मात्र वीज जोडताच त्यांतून जी शिट्टीसारखी घरघर सुरू होते, ती ऐकून पंखा झिजला असावा, असा पहिला निष्कर्ष बहुधा काढला जातो. तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. रॅकमध्ये बसणाऱ्या उपकरणाची उंची ज्या एककात मोजतात, ते एकक 44.45 मिलिमीटरचे असल्याने एका एककाच्या पेटीत उभा पंखा 40 मिलिमीटरपेक्षा फारसा मोठा बसत नाही, आणि इतक्या लहान पात्यांनी पुरेशी हवा ढकलायची तर त्यांना मिनिटाला हजारो फेरे घ्यावेच लागतात. पाच पात्यांचा पंखा मिनिटाला 12,000 फेरे घेत असेल, तर सेकंदाला 1,000 वेळा एखादे पाते एका ठिकाणावरून जाते आणि त्याच कंप्रतेचा सूर उमटतो; त्याचे पटीतले उपसूर 2,000 ते 5,000 हर्ट्झच्या, म्हणजे मानवी कान सर्वाधिक संवेदनशील असलेल्या पट्ट्यात पडतात. जेथे कोणी बसत नाही अशा सर्व्हर रूमसाठी हे यंत्र घडवलेले असल्याने कारखान्यातून बाहेर पडले त्या दिवशीही ते असेच ओरडत होते. झिजलेल्या बेअरिंगचा आवाज वेगळा असतो: तो खरखरीत आणि कमीजास्त होणारा असतो, व पेटी कलती केल्यास अनेकदा बदलतो.

त्याच मापाचा, पण ‘शांत’ म्हणून विकला जाणारा पंखा बसवला की काम झाले, हा गैरसमज सर्वांत रूढ आहे आणि सर्वांत महाग पडणाराही. पंख्याच्या वेष्टनावर छापलेला हवेचा प्रवाह मोकळ्या हवेत मोजलेला असतो, तर पेटीत त्याच हवेला हीटसिंकच्या दाट पट्ट्या, तारांचे जुडगे आणि जाळीची भोके यांतून वाट काढावी लागते. हा अडथळा भेदण्याच्या क्षमतेला स्थिर दाब म्हणतात, आणि एकाच पंख्याचा वेग निम्मा केल्यास प्रवाह निम्मा होतो, पण दाब चौथाईवर येतो. शांत पंखे शांत असतात ते मुख्यतः सावकाश फिरतात म्हणून, त्यामुळे त्यांना हा नियम सर्वांत आधी नडतो. किती हवा लागेल याचा ढोबळ हिशेब अवघड नाही: उष्णतेच्या वॅटला तीनने गुणून हवेच्या तापमानातील अपेक्षित वाढीने भागले, की ताशी किती घनमीटर हवा हवी ते मिळते. 90 वॅट उष्णता निर्माण करणाऱ्या स्विचमधून जाताना हवा 10 अंशांनीच तापावी अशी अपेक्षा असेल, तर ताशी 27 घनमीटर प्रवाह लागतो. शांत वर्गातील 40 मिलिमीटर पंखा मोकळ्या हवेतही ताशी 10 घनमीटरच्या आसपासच देतो. असे दोन पंखे बसवून पेटीच्या आत प्रत्यक्षात 10 घनमीटर हवा वाहिली, तर वाढ 27 अंशांची होते, आणि विदर्भातील मे महिन्यात खोलीच 40 अंशांवर असेल तर बाहेर पडणारी हवा 67 अंशांची असते. चिप अर्थातच त्याहून गरम.

याच हिशेबाची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. मूळ पंख्यांना हातच लावू नये, हा सल्लाही गैरसमजावरच उभा आहे, कारण उत्पादकाने वेग ठरवताना सर्व पोर्ट भरलेले, सभोवतालची हवा कमाल मर्यादेइतकी तापलेली आणि कदाचित एक पंखा बंद पडलेला, अशी सर्वांत वाईट स्थिती गृहीत धरलेली असते. घरात चार-पाच पोर्ट वापरात असताना तोच स्विच 30 वॅटच ओढत असेल, तर 10 घनमीटर हवेत वाढ फक्त 9 अंशांची होते. म्हणून नवा पंखा घेण्याआधी साधा वॅटमीटर घेणे अधिक शहाणपणाचे. केबलमधूनच कॅमेऱ्यांना वीज पुरवणाऱ्या पीओई स्विचच्या बाबतीत मात्र मीटरवरचा आकडा फसवा असतो: 48 पोर्टना प्रत्येकी 15.4 वॅट दिल्यास सुमारे 740 वॅट बाहेर जातात आणि त्यांची उष्णता मुख्यतः कॅमेऱ्यांत होते, पेटीत उरतो तो स्विचच्या स्वतःच्या वापराखेरीज वीजरूपांतराचा तोटा, जो 90 टक्के कार्यक्षमतेला 80 वॅटच्या थोडा वर असतो.

दोनपैकी एक पंखा काढला की आवाज निम्मा होईल, ही समजूत डेसिबलच्या मापाला धरून नाही. समान आवाजाच्या दोन स्रोतांपैकी एक बंद केल्यास घट केवळ 3 डेसिबलची होते, आणि कानाला आवाज निम्मा वाटण्यासाठी साधारण 10 डेसिबलची घट लागते. शिवाय रिकाम्या झालेल्या भोकातून तापलेली हवा उलटी आत ओढली जाते. त्याउलट दोन्ही पंखे ठेवून वेग निम्मा केल्यास सुमारे 15 डेसिबल कमी होतात.

वेग कमी करण्यासाठी तारेत रोधक घालण्याची युक्ती जुनी आहे, पण पंखा फिरत राहण्यास जितका दाब, म्हणजे व्होल्टेज, लागतो त्यापेक्षा थांबलेला पंखा सुरू होण्यास अधिक लागतो, ही गोष्ट तिच्यात दुर्लक्षित राहते; परिणामी आठवडाभर सुरळीत फिरलेला पंखा भारनियमनानंतर वीज परत येते तेव्हा जागचा हलत नाही. पंख्याची तिसरी तार हाही असाच गोंधळाचा विषय आहे. तिच्यावरून बहुधा प्रत्येक फेऱ्याला दोन स्पंदने जातात आणि त्यांवरून उपकरण वेग मोजते. काही उपकरणांना मात्र पंखा फिरतो आहे की अडकला आहे, एवढेच सांगणारा संकेत हवा असतो. अपेक्षित संकेत न मिळाल्यास यंत्र बिघाडाची सूचना देते आणि कित्येकदा उरलेले पंखे पूर्ण वेगाने सोडते, म्हणजे शांततेसाठी केलेल्या खटपटीतून आधीहून मोठा गोंगाट पदरी पडतो. तारांचा क्रमही कंपनीनुसार बदलतो, त्यामुळे प्लग बसला म्हणजे जोडणी बरोबर, असे समजणे घातक ठरते.

वीजपुरवठ्याच्या बंद डब्यातील पंख्याला तर वेगळा नियम लावला पाहिजे, कारण 230 व्होल्टचा प्रवाह एकदिश केल्यावर तेथील कपॅसिटरवर 325 व्होल्टच्या आसपास दाब साठतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकू शकतो. जाणकाराशिवाय तो डबा उघडू नये. याच कपॅसिटरचे आयुष्य तापमान 10 अंशांनी वाढले की साधारण निम्म्यावर येते, म्हणून कमी हवेचे दुष्परिणाम लगेच दिसत नाहीत आणि बदल यशस्वी झाला, असा भास महिनोन्‌महिने टिकतो.

स्पंज लावलेल्या बंद कपाटात स्विच कोंडल्यास आवाजाबरोबर उष्णताही कोंडते, हे वेगळे सांगण्याची गरज नसावी. त्यापेक्षा इथरनेटच्या तांब्याच्या केबलला 100 मीटरपर्यंत लांबीची मुभा आहे, तिचा उपयोग करून स्विचच झोपण्याच्या खोलीपासून दूर, जिन्याखाली किंवा अडगळीच्या खोलीत नेता येतो. पत्र्याखालचा पोटमाळा मात्र उन्हाळ्यात त्या कामाचा नाही.