प्रवासाचा हिशेब आणि विम्याचा कोरा रकाना

सुट्टी जवळ आली की भोर-वेल्ह्यातील नोकरदार कुटुंबांत सहलीचा हिशेब मांडला जातो. गाडीभाडे, मुक्काम, जेवणखर्च, खरेदी या साऱ्यांची तजवीज होते. प्रवासात अपघात वा आजारपण ओढवले तर त्याचा भार कोण उचलणार, हा रकाना मात्र बहुधा कोराच राहतो.

विमा संकट टाळीत नाही. संकटाचा आर्थिक आघात तो अनेकांत वाटून देतो, इतकेच. निवडीचे पहिले सूत्र यातूनच निघते. जे नुकसान महिन्याच्या पगारातून सोसता येते, त्यासाठी हप्ता भरण्याचे कारण नाही. जे घराला कर्जात लोटील, त्यासाठी मात्र तो अवश्य भरावा. हरवलेली बॅग पहिल्या प्रकारात मोडते; कमावत्या माणसाचे अपंगत्व दुसऱ्या. जाहिरातींत मात्र बॅगेचाच गाजावाजा अधिक असतो.

अल्प खर्चात मिळणाऱ्या संरक्षणाची तरी आपल्याला कितपत माहिती असते? रेल्वेचे तिकीट आय.आर.सी.टी.सी.च्या संकेतस्थळावर काढताना ४५ पैशांत ऐच्छिक विमा घेता येतो. रेल्वे अपघातात मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास १० लाख रुपये, अंशतः कायमच्या अपंगत्वास साडेसात लाखांपर्यंत आणि रुग्णालयाच्या खर्चासाठी २ लाखांपर्यंत रक्कम मिळते. तिकीट काढल्यावर वारसाचे नाव नोंदवायचे असते. ते राहून गेले तर दुःखात बुडालेल्या कुटुंबाला वारसाहक्काच्या कागदपत्रांमागे धावावे लागते. एस.टी.च्या तिकिटातही २०१६ पासून अपघात साहाय्यता निधीसाठी एक रुपया घेतला जाऊ लागला. याखेरीज बँक वा टपाल खात्यातून वर्षाला २० रुपये भरून १८ ते ७० वयाच्या व्यक्तीस प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे २ लाखांचे अपघात संरक्षण मिळते. तथापि या योजनेत रुग्णालयाचे बिल मिळत नाही, हे ध्यानात ठेवावे.

खरा धोका आपल्या दाराशीच आहे. भोरहून महाडकडे उतरणारा वरंधा घाट दरडींमुळे पावसाळ्यात अनेकदा बंद ठेवावा लागतो, आणि तरुण मंडळी दुचाकीवरून त्याच ऋतूत डोंगराकडे धाव घेतात. स्वतः गाडी चालविणाऱ्या मालकासाठी १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण २०१८ मध्ये निश्चित झाले. मागे बसलेल्या मित्राचे काय? केवळ कायद्याने अनिवार्य असलेल्या विम्यात दुचाकीवरील मागच्या व्यक्तीचा समावेश होत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये दिला. तिच्यासाठी जादा हप्ता भरलेला आहे की नाही, हे निघण्यापूर्वीच पाहिले पाहिजे.

तोरणा आणि राजगड चढणाऱ्यांची गोष्टही निराळी नाही. अनेक प्रवास विमापत्रांतून गिर्यारोहण व तत्सम साहसी प्रकार वगळलेले असतात. साधी पायवाट आणि दोरीच्या आधाराची चढाई यांत कंपनी कोठे रेषा ओढते, हे कलम वाचूनच कळते. मद्यप्राशन करून झालेला अपघात तर बहुतेक सर्वत्र वगळलेला असतो.

परदेशी मुलाबाळांकडे जाणाऱ्या निवृत्त शिक्षकांनी अधिक दक्ष राहावे. युरोपातील शेंगेन देशांच्या व्हिसासाठी किमान ३० हजार युरोंचे वैद्यकीय संरक्षण सक्तीचे आहे. व्हिसा मिळावा एवढ्याच हेतूने सर्वांत स्वस्त विमापत्र घेण्याकडे कल असतो. पण मधुमेह वा रक्तदाब आधीपासून असेल तर त्याविषयीचे कलम आधी पाहावे. आजार लपवून हप्ता वाचविणे म्हणजे दावा नाकारण्याचे कारण आपणच कंपनीच्या हाती देणे होय. दाव्यातील कितवा भाग स्वतः सोसायचा आहे आणि सहल रद्द झाल्यास कोणत्या कारणांनी पैसे परत मिळतात, हेही पाहावे. ‘जावेसे वाटले नाही’ हे कारण सहसा चालत नाही.

दावा अन्यायाने फेटाळला गेल्यास प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिन्याभरात उत्तर न आल्यास वा ते समाधानकारक नसल्यास विमा लोकपालाकडे दाद मागता येते. त्याचे कार्यालय पुण्यात आहे आणि त्यासाठी शुल्क पडत नाही.

व्यक्तीने दक्ष राहावे हे खरे. परंतु सारी जबाबदारी तिच्यावर ढकलून चालणार नाही. रेल्वेची ४५ पैशांची सोय संकेतस्थळावरून तिकीट काढणाऱ्यालाच आहे. खिडकीवर रांगेत उभे राहून तिकीट घेणाऱ्याला ती नाही. वस्तुतः ज्याची शिल्लक अल्प, त्यालाच संरक्षणाची गरज अधिक. रेल्वेने हीच रक्कम खिडकीवरील तिकिटातही घेण्याची सोय केली, तर कोणाच्याही खिशाला तोशीस लागणार नाही. विम्याचे तत्त्व सर्वांनी थोडे देऊन एकाला सावरण्याचे आहे. त्यातून सर्वांत दुबळा उतारूच वगळला जावा, हे त्या तत्त्वाशी सुसंगत नव्हे.