घराच्या भिंतीतून कॅमेऱ्याची केबल: आधी पाइप, मग वायर

वायफाय कॅमेरे सहज मिळत असताना भिंतीला झिरी मारून केबल कशाला टाकायची, असं मला बरेच मित्र विचारतात. आमच्या मारेगावात याचं उत्तर सोपं आहे. इथे दिवाळीच्या सुमारास कापूस घरात येतो आणि भाव चढेल या आशेने खोलीतच पडून राहतो. वर्षाची कमाई त्या एका खोलीत! राउटर असतो पुढच्या खोलीत, मध्ये दोन जाड भिंती, वर टिनपत्रे. तिथवर पोहोचेपर्यंत वायफाय अर्धमेलं होतं आणि व्हिडिओ अडकतो. शिवाय वायफाय कॅमेऱ्यालाही वीज लागतेच. म्हणजे २३० व्होल्टचा पॉइंट आणि ॲडॉप्टर कापसाशेजारी. मला हे अजिबात पटत नाही.

नेटवर्क केबलने दोन्ही अडचणी सुटतात. पीओई, म्हणजे पॉवर ओव्हर इथरनेट, या पद्धतीत एकाच केबलमधून व्हिडिओही जातो आणि वीजही, साधारण ४८ व्होल्ट डीसी. २००३ च्या ८०२.३एएफ स्टँडर्डप्रमाणे स्विचचा एक पोर्ट १५.४ वॉटपर्यंत देतो आणि कॅमेऱ्यापर्यंत १२.९५ वॉट पोहोचतात. घरगुती बुलेट कॅमेऱ्याला तेवढी वीज पुरते. पीओई स्विच, एनव्हीआर आणि राउटर ही तीन डबडी इन्व्हर्टरवर घेतली की लाइन गेली तरी सगळे कॅमेरे चालू.

आता भिंत. मिस्त्री म्हणतो, "पाइप कशाला, प्लास्टरमध्ये दाबून टाकतो ना!" इथे ठाम राहा. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे पाया हलतो आणि भिंतींना भेगा पडतात. गाडलेली वायर ताणली गेली तर पुन्हा भिंत फोडावी लागते. २५ मिमीच्या पीव्हीसी पाइपात चार केबल आरामात बसतात आणि खराब झालेली ओढून बदलता येते. पाइपात एक जादा नायलॉन दोरी सोडून ठेवा, पुढच्या केबलसाठी. दोन बेंडनंतर एक जंक्शन बॉक्स द्या, नाहीतर केबल ओढताना घाम फुटेल. आणि झिरी विटेच्या भिंतीतच, कॉलम-बीमला छिन्नी लावू देऊ नका.

लाइटच्या वायरच्या पाइपात ही केबल कधीच टाकू नका. इन्सुलेशन सोललं गेलं तर २३० व्होल्ट थेट कॅमेऱ्यात आणि राउटरमध्ये उतरतील. दोन्ही पाइप शेजारून जाणार असतील तर फूटभर अंतर ठेवा, ओलांडायचेच असतील तर काटकोनात.

बाहेरच्या भिंतीचं होल बाहेरच्या बाजूला उतरतं पाडा. केबल होलमध्ये शिरण्याआधी खाली एक झोळ द्या, म्हणजे पावसाचं पाणी तिथूनच टपकतं. उन्हात राहणारा भाग आउटडोअर केबलचाच हवा, आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन साध्या केबलचं आवरण तडकवतं.

खरी फसवणूक केबल घेताना होते. स्वस्त बॉक्समध्ये बहुतेकदा सीसीए असते, म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा पातळ मुलामा. ब्लेडने तार खरवडून बघा, आत पांढरी निघाली तर परत करा. ॲल्युमिनियमचा रोध जास्त, त्यामुळे लांबवर व्होल्टेज पडतं. दिवसा सगळं ठीक वाटतं, पण रात्री कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागले की विजेची मागणी वाढते आणि कॅमेरा बंद-चालू होत राहतो. नेमका रात्रीच! शुद्ध तांब्याची कॅट ६ घ्या, पैसे जास्त गेले तरी.

आरजे-४५ जॅक लावताना दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच ठेवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. गिलावा करण्याआधी प्रत्येक केबल टेस्टरने तपासा आणि उघड्या झिरीचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढे कुणी खिळा ठोकायला आलं तर पाइप कुठून गेलाय ते दाखवता येईल.

गोठ्यावर कॅमेरा हवा असेल तर एका केबलची मर्यादा १०० मीटर. पण अंगणातून उघड्यावर गेलेल्या तांब्याच्या केबलवर वीज कडाडली की सर्ज येतो, म्हणून दोन्ही टोकांना अर्थिंगसह सर्ज प्रोटेक्टर लावा. अंतर १०० मीटरपेक्षा जास्त असेल तर फायबरच टाका, काचेतून सर्ज येत नाही. फक्त गोठ्यातल्या कॅमेऱ्याला वीज तिथूनच द्यावी लागेल.