लॅपटॉप जुना झालाय, निकामी नाही!

मैत्रिणींनो, कुकरची रिंग सैल झाली म्हणून आपण कुकर भंगारात टाकतो का? नाही ना? मग लॅपटॉपच्या बाबतीतच आपण इतक्या लवकर हात का टेकतो?

हा प्रश्न मला पडला तो विंडोज १० ची मुदत संपली तेव्हा. १४ ऑक्टोबर २०२५ नंतर तिच्या सुरक्षेच्या नेहमीच्या दुरुस्त्या थांबल्या. नाव नोंदवलेल्या घरगुती संगणकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची सवलत जाहीर झाली खरी, पण ती तात्पुरतीच. आमचा लॅपटॉप २०१६ सालचा. मी शाळेत अर्धवेळ शिकवते. प्रश्नपत्रिका, गुणपत्रकं, लेकीचा अभ्यास, सगळं त्याच्यावरच. विंडोज ११ घालायला गेले, तर पडद्यावर उत्तर आलं की हा संगणक अटींत बसत नाही. दुकानदार म्हणाला, "वहिनी, आता नवाच घ्या." नवा म्हणजे माझा चार-पाच महिन्यांचा पगार!

म्हटलं, आधी या अटी तरी समजून घेऊ. विंडोज ११ ही २०२१ साली आली. तिला किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. एवढं बऱ्याच जुन्या यंत्रांत असतं. अडतं ते मुख्यतः दोन गोष्टींपाशी. एक टीपीएम २.०, म्हणजे संगणकाच्या गुप्त किल्ल्या सांभाळणारी सोय. दुसरी गोष्ट प्रोसेसर. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा हवा. आमचा सहाव्या पिढीचा. म्हणजे यंत्र बिघडलेलं नव्हतं, यादीत त्याचं नाव नव्हतं, इतकंच.

तुम्ही मात्र आधी एक करून बघा. विंडोजची कळ आणि 'आर' एकदम दाबा आणि येणाऱ्या चौकटीत 'टीपीएम डॉट एमएससी' असं इंग्रजीत टाइप करा. कधी कधी टीपीएम असतो, पण सेटिंगमध्ये बंद ठेवलेला असतो. प्रोसेसर यादीत असेल तर तो चालू केल्यावर सरळ मार्गानेच काम होऊन जातं.

आमचं तसं होणार नव्हतं. मग भाच्याला फोन लावला आणि त्याने सांगितलं तसं करत गेले. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून विंडोज ११ ची फाइल उतरवून घेतली. 'रूफस' नावाचा छोटासा मोफत प्रोग्रॅम ती फाइल पेनड्राइव्हवर बसवतो, आणि त्या वेळी टीपीएमची अट काढून टाकायची का, असंही विचारतो. पेनड्राइव्ह किमान ८ जीबीचा हवा. मग त्या पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करायचा.

इथेच मी गोत्यात येणार होते. लॅपटॉप कोरा होणार, म्हणून त्यावरच्या सगळ्या फाइली बाहेरच्या हार्डडिस्कवर काढून ठेवल्या. पण ड्रॉवरमधला जो पेनड्राइव्ह घेतला, तोही कोरा होणार, हे डोक्यातच आलं नाही. बटण दाबणार एवढ्यात पडद्यावर इशारा आला, "यावरचं सगळं पुसलं जाईल." सहज उघडून पाहिलं, तर त्यात आईचा आवाज होता! अनारशाचं पीठ कसं मळायचं, ते ती सांगत होती. आईला जाऊन दोन वर्षं झाली. ते बोलणं दुसरीकडे कुठेच नव्हतं. त्या दिवशी काम तिथेच थांबवलं. आईचं बोलणं दोन ठिकाणी उतरवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी नवा पेनड्राइव्ह आणला.

पुढचं काम दीड तासात झालं. विंडोज १० अस्सल असल्यामुळे परवाना आपोआप ओळखला गेला. वायफाय तेवढं रुसलं. त्याचा ड्रायव्हर भाच्याने आधीच उतरवून ठेवायला सांगितला होता, म्हणून निभावलं.

आता दुसरी बाजूही सांगते. अटींत न बसणाऱ्या संगणकाला पुढच्या दुरुस्त्या मिळतीलच, याची हमी कंपनी देत नाही. दर महिन्याच्या दुरुस्त्या सहसा येतात. पण वर्षाकाठी येणारी मोठी आवृत्ती आपणहून येत नाही, हाच खटाटोप पुन्हा करावा लागतो. मी ते कॅलेंडरवर लिहून ठेवलंय! शिवाय २०२४ पासूनच्या आवृत्त्या फारच जुन्या, कोअर टू ड्युओच्या काळातल्या यंत्रांवर बहुधा सुरूच होत नाहीत. आणि बँकेचे व्यवहार मी या लॅपटॉपवर करत नाही.

ही जोखीम नको असेल, तर लिनक्स मिंट आहे. ती मोफत आहे, जुन्या यंत्रावर हलकी चालते आणि तिच्या दुरुस्त्याही रीतसर येतात. पत्रं, प्रश्नपत्रिका, इंटरनेट एवढंच काम असेल तर ती पुरते. मात्र विंडोजसाठी बनवलेले सगळे प्रोग्रॅम तिच्यावर चालत नाहीत. हिशेबाचा एखादा प्रोग्रॅम लागत असेल तर आधी चौकशी करा.

तेव्हा मैत्रिणींनो, कुणी "नवाच घ्या" म्हटलं की लगेच पर्स उघडू नका. यंत्र थकलंय की नुसतं यादीतून गळलंय, ते आधी बघा. आणि काहीही करण्यापूर्वी घरातले सगळे पेनड्राइव्ह एकदा उघडून पाहा. आमच्याकडे या दिवाळीत अनारसे आईच्या आवाजाबरहुकूम होणार आहेत, आणि तो आवाज ऐकवणार आहे हाच जुना लॅपटॉप!